अंबूमामीचे कान

“काकूऽऽ, सदू आलाऽऽय!”

मुरलीधरनं हे वाक्य अंबूमामीच्या उजव्या कानापासून चार बोटांवर तोंड नेऊन ओरडून सांगितलं. रस्त्यानं चाललेल्या टांग्याचा घोडा बिचकला. मामी दुकानाच्या गादीवर बसून पितळेचा तांब्या चिंचेनं घासत होती. तिनं मान वर केली, मुरलीधरकडं मायेनं बघितलं आणि म्हणाली, “झालाय की. मघाच पिऊन झालाय. तू घे.”

“चहा नव्हेऽऽ! सदूऽऽ! आत्याचा सदूऽऽ!”

“हो, थंडी आहेच,” मामी म्हणाली आणि पुन्हा तांब्याला लागली.

मुरलीधर माझ्याकडं वळला. आवाज नेहमीचा केला आणि तिच्या डोक्यावरूनच मला म्हणाला, “बघितलंस? ठार. हिला दुकानात बसवणं म्हणजे पारावर मारुती बसवणं झालं. शेंदूर तेवढा फासायचा राहिलाय. गिऱ्हाइकांनी तरी किती ओरडावं?”

“काही औषधपाणी?”

“ह्या वयात कानाचं काय औषध करतोस? औशाला बहिणीकडं पाठवली की तिची सुटका, आमची सुटका. पण एक सही करायचं मनावर घेईल तर शपथ. कागद पुढं केला की म्हणते, दामूला विचारते. आणि दामू म्हणजे…” इथं त्याला एकदम काहीतरी काम आठवलं आणि तो निघून गेला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मामी तांब्या घासत राहिली. मग ओठ न हलवता म्हणाली, “शेंदूर म्हणे. आपल्या बायकोला विचार म्हणावं आधी, माझा तांब्याचा हंडा माळ्यावर कुठल्या पोत्याखाली झाकलाय ते. बस की रे, उभा का?”

अंबूमामीला सगळं ऐकू येत होतं. साऱ्या बार्शीत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक ती आणि दुसरा मी.

हे चौऱ्याहत्तर सालचं. आदल्या आषाढात केशवमामा, माझ्या आईचे थोरले भाऊ, वारले. पेठेत वेळापुऱ्यांचं भांड्यांचं दुकान, त्याच्या मागंच राहतं घर. पोटी मूलबाळ नाही. मामाच्या मागं मामी आणि धाकट्या भावाचे दोन मुलगे, थोरला मुरलीधर आणि धाकटा दामोदर. दोघांना दुःख इतकं झालं होतं की ते डोळ्यांत मावेना. दुकानाच्या फळ्यांवर, घराच्या खिडक्यांवर, माळ्यावरच्या भांड्यांवर ते सारखं सांडत होतं.

मामी पहिले काही दिवस खरोखरच बहिरी झाली होती. रडणं, डोक्यावरून गार पाण्याच्या आंघोळी, सर्दी. दोन्ही कानांना दडे बसले. म्हातारीचे कान धक्क्यानं गेले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेराव्याच्या सकाळी दडे सुटले.

“पहिला आवाज कसला आला असेल, सांग,” तिनं मला विचारलं होतं.

“रडण्याचा?”

“टिक, टिक, टिक.”

मुरलीधरनं माजघरात भांड्यांवर नावं घालणारा आणून बसवला होता. आमच्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. लग्नातलं असो, बारशातलं असो, छिन्नीनं टोचून त्यावर नाव घालायचं, मग ते फळीवर चढवायचं. मामीच्या सबंध संसाराच्या भांड्यांवर मुरलीधर आपलं नाव घालून घेत होता. शेजारच्या खोलीत मामी भिंतीकडं तोंड करून पडलेली. कुमुद, मुरलीधरची बायको, दबक्या आवाजात म्हणाली, “हळू हो, उठतील त्या.” मुरलीधर म्हणाला, “तोफ डागली तरी उठायची नाही.”

“तेव्हाच ठरवलं,” मामी म्हणाली, “आता नाहीच उठायचं.”

दुसऱ्या दिवशी दामूनं तोच कारागीर बोलावला. मोठ्या हंड्यावर दोघांचीही नावं पडली, एक काठावर, एक पोटावर. कारागीर सरळ माणूस होता. म्हणाला, तिसरं घालायचं असेल तर बुडाला जागा आहे.

पुढचे आठ महिने मामीनं जे काम केलं, तसं काम मी रंगभूमीवर बघितलेलं नाही. दोघं भाऊ, दोघांच्या बायका तिच्या समोर बसून एकमेकांच्या कागाळ्या करीत, बेत आखीत, आणि मामी मध्ये बसून तांदूळ निवडी. दामूनं एका अर्जनविसाकडून दुकान आपल्या एकट्याच्या नावावर करायचा कागद परस्पर तयार करून घेतला, हे त्यानं बायकोला तिच्यादेखत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं एक पातेलं मुरलीधरच्या हातात दिलं आणि म्हणाली, एवढं त्या अर्जनविसाच्या घरी टाकून ये, त्याच्या बायकोनं मागितलंय. पातेलं घेऊन मुरलीधर गेला तो दामू आत बसलेला. त्यानंतर दोघं भाऊ तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मामी ते तीन महिने फार सुखात होती.

दर रविवारी मी दुकानात जाई आणि ती मला हे सगळं सोंगांसकट करून दाखवी. कुमुदची मान, दामूचा घसा खाकरणं, मुरलीधरचा आवाज चढवणं आणि उतरवणं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी येई. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटे, भाचा मामाच्या आठवणीनं रडतोय.

“हे कुणापाशी बोलू नकोस हं, सदू,” ती एकदा म्हणाली. “दोघं एक झाले की माझं दुकान गेलं. मला ऐकू येत नाही असं वाटतंय तोवर ते माझ्यापुढं बोलतात. आणि बोलतात तोवर कुणाला कुठं अडवायचं ते मला कळतं.”

“पण तुला हवंय काय, मामी? दुकान विकून…”

“मेल्या, विकायचं कशाला? सकाळी फळ्या काढायच्या, दोन भांडी वाजवून दाखवायची, चार बायकांशी बोलायचं, दिवेलागणीला फळ्या लावायच्या. मरेपर्यंत एवढं मिळालं की झालं. औशाला बहिणीच्या सुनेच्या हाताखाली भाकऱ्या भाजायला मला जायचं नाही.”

“मी कशाला बोलतोय, मामी?” मी म्हणालो. आणि त्या दिवशी मी ते अगदी मनापासून म्हणालो होतो.

मी तेव्हा एका शाळेत लेखनिक होतो, एका साप्ताहिकात विनोदी लिहीत होतो आणि गावातल्या हौशी नाट्यमंडळाचा लेखक होतो. म्हणजे पोटापाण्याचा एक आणि डोक्याला ताप असलेले दोन, असे तीन धंदे मला होते. त्या वर्षी मंडळाला स्पर्धेला सोलापूरला जायचं होतं. मी ‘हंडा कुणाचा?’ नावाचं नाटक लिहिलं. एक विधवा काकू, दोन पुतणे, वाटणी. भांड्यांच्या दुकानाचं मी किराणा दुकान केलं, बार्शीचं नाव ‘एक गाव’ ठेवलं आणि आपण कुणाच्या वर्मावर बोट ठेवलेलं नाही, अशी स्वतःची खात्री करून घेतली. काकू बहिरी होती. पण खरीखुरी बहिरी. तेवढं मी पाळलं होतं.

आमचे दिग्दर्शक बाळासाहेब शेटे पोस्टात होते. वाचन झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“सदू, तुझा पहिला अंक पडत नाही, घसरतो.”

“म्हणजे?”

“पडदा पडला की लोकांनी चहाला जाताना एकमेकांना ढोसलं पाहिजे. तुझ्या पडद्याला लोक नुसते चहाला जातील.”

पडदा कसा पडायला हवा हे मला माहीत होतं. आठ महिने मी तो खिशात घालून फिरत होतो. तीन दिवस मी तो दिला नाही. त्या तीन दिवसांचा पुढं अनेक वर्षं मला फार आधार वाटत आलाय. चौथ्या दिवशी तालमीला शेटे म्हणाले, “राहू दे. स्पर्धेला गेल्या वर्षीचंच बसवू.” मी विचारलं, “शेटे, म्हातारीला ऐकू येत असलं तर?”

शेटे खुर्चीवरून उठले, माझ्यापुढं आले आणि वयानं वीस वर्षांनी मोठा असलेल्या त्या माणसानं मला वाकून नमस्कार केला. असा नमस्कार ज्याला झाला नाही, त्यानं मला शहाणपण शिकवू नये.

पहिल्या अंकाचा शेवट असा झाला. काकू मधोमध बाजेवर पडलेली, डोळे मिटून. एक पुतण्या उशाशी, एक पायथ्याशी. दोघं तिच्या अंगावरून कुजबुजत हंड्यासाठी भांडतायत. शेवटी तोडगा निघतो: हंडा थोरल्यानं घ्यायचा, घंगाळ धाकट्यानं. दोघं हात मिळवतात. दोघं सुस्कारा टाकतात. आणि काकू डोळे न उघडता शांतपणे विचारते, “आणि झाकण कुणाला?” पडदा.

तालमीतच पेटीवाला पेटीवर आडवा झाला.

काकूचं काम शकुंतला नाईक करायची. नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. हातात सुई असो वा भूमिका, समोरचा माणूस गप्पच बसायचा. फक्त तिचं पाठांतर कच्चं. म्हणून विंगेत संहिता घेऊन उभं राहायचं, अडलं की वाक्य पुरवायचं काम माझ्याकडं आलं.

सोलापूरच्या आधी गावात एक प्रयोग ठेवला, रविवारी दुपारी चार वाजता. मुरलीधरनं स्वतः माझ्याकडं पास मागितले, दामूनंही मागितले, आणि मी दिले. दिले म्हणजे उत्साहानं दिले. लोभी माणसाला आरसा दाखवावा, असं मी त्या काळात साप्ताहिकात दर आठवड्याला लिहीत होतो. मामीला मात्र मी पास दिला नाही. बहिरी बाई नाटकाला कशाला येईल? आणि ती आली नाही तर तिचं नाव तरी कुणाच्या मनात कशाला येईल? हा विचार मी केला होता. विचार केला नव्हता असं मी म्हणणार नाही.

चार वाजायला पाच मिनिटं असताना मी पडद्याच्या भोकाला डोळा लावला. पहिल्या रांगेत मधोमध अंबूमामी बसली होती. पांढरं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर. उजवीकडं मुरलीधर आणि कुमुद, डावीकडं दामू. धाकटा काकूला नाटकाला नेणार, असं थोरल्याच्या कानावर गेलं होतं आणि थोरला नेणार असं धाकट्याच्या. तेव्हा दोघांनी तिला दोन्हीकडून धरून आणलं होतं. मागच्या रांगेतली एक बाई पदरानं डोळे टिपत म्हणत होती, “बघा बाई, बहिऱ्या काकूलासुद्धा सोडत नाहीत पोरं.”

मी शेट्यांकडं गेलो. ते नारळाला कुंकू लावत होते.

“शेटे, शेवटचं वाक्य गाळू या.”

“कुठलं?”

“झाकणाचं.”

“सदू,” ते म्हणाले, “तुला ताप आहे का?” आणि त्यांनी नारळ फोडला.

पहिला अंक मी असा रंगलेला पुन्हा कधी बघितला नाही. विंगेच्या कापडाला एक फट होती. संहितेवर एक डोळा आणि फटीला एक, असा मी उभा होतो. रंगमंचावरचा थोरला पुतण्या पाण्याच्या पिंपामागं डबा लपवायला लागला तसा दामू खुर्चीतून उडाला आणि मांडी थोपटत हसला. धाकटा पुतण्या देवाच्या तसबिरीमागं किल्ल्या ठेवायला लागला तसं मुरलीधरनं कुमुदला कोपरखळी मारली. त्याचे ओठ मला दिसले: “दामू! दामू!” आरशात दोघांनाही फक्त शेजारचा दिसत होता. साप्ताहिकात मी ही गोष्ट पुढं कधी लिहिली नाही. लिहिली असती तर सदर बंद करावं लागलं असतं.

आणि त्या दोघांच्या मध्ये मामी. सगळं नाट्यगृह हसत होतं आणि ती नव्हती. बहिऱ्या माणसानं बसावं तशी बसली होती, माणसांचे हातवारे बघत, मध्येच छताच्या पंख्याकडं बघत. स्वतःच्या तोंडची वाक्यं, स्वतः मला करून दाखवलेली कुमुदची मान, दामूचा घसा, सगळं तिच्यापुढं दिव्यांच्या झोतात चाललं होतं आणि तिच्या तोंडावर एक रेष हलत नव्हती. फक्त पदर हातात धरला होता, तो तिनं बोटाभोवती गुंडाळत आणला होता.

हंडा थोरल्याला, घंगाळ धाकट्याला. हात मिळवले. सुस्कारा टाकला.

शकुंतला गप्प.

आधी मला वाटलं, जागा घेतेय. मग तिनं मिटलेल्या डोळ्यांची एक पापणी किंचित उघडली आणि विंगेकडं, माझ्याकडं बघितलं. ती वाक्य विसरली होती. तीन शब्दांचं वाक्य.

असा सन्नाटा रंगभूमीवर दोन क्षण टिकतो. तिसऱ्या क्षणाला पडदेवाला आपण होऊन दोरी सोडतो. मी गप्प बसलो असतो तर पडदा पडला असता, लोक नुसते चहाला गेले असते, शेट्यांनी आत येऊन शकुंतलेला शिव्या घातल्या असत्या आणि सगळं संपलं असतं. मी काहीही करायचं नव्हतं. आयुष्यात काहीही न करण्याची एवढी मोठी संधी मला पुन्हा मिळाली नाही.

फटीतून मला मामी दिसत होती. ती रंगमंचाकडं बघत नव्हती. ती विंगेकडं बघत होती. पुढं काय येणार हे तिला कळलं होतं, हे मला दिसलं.

आणि मला तो हशाही ऐकू येत होता, जो अजून झाला नव्हता.

“आणि झाकण कुणाला,” मी म्हणालो.

मी कुजबुजलो असं पुढं सगळ्यांना सांगत आलो. प्रत्यक्षात ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. शकुंतलेनं ते उचललं, डोळे न उघडता, अशा थाटात की जणू ती सन्नाट्याची वाटच बघत होती. नाट्यगृह फुटलं. पडदा पडला तरी हशा थांबेना, मागून कुणीतरी शिट्टी मारली. शेट्यांनी मला मिठी मारली. मी त्यांच्या मिठीतून सुटून पडद्याच्या भोकाकडं गेलो.

दिवे लागले होते. मुरलीधर डोळे पुसत होता, दामू अजून हसत होता. मग दामू थांबला. मग मुरलीधर थांबला. दोघांनी मामीच्या डोक्यावरून एकमेकांकडं बघितलं. मला वाटतं, आठ महिन्यांत पहिल्यांदाच. मग दोघांच्या माना हळूहळू खाली, तिच्याकडं वळल्या.

मामी पंख्याकडं बघत होती.

मुरलीधर जागचा हलला नाही. तिच्या कानाशी गेला नाही. समोर बघत, नुसता श्वास सोडावा तसं म्हणाला. भोकातून मला ओठ दिसले, म्हणून कळलं, “काकू, चल, चहा घेऊ.”

आणि मामी उठली.

ती विसरली, की तिला कंटाळा आला, की आता काय उरलंय असं तिला वाटलं, ते मला आजवर कळलेलं नाही. पदर सारखा केला आणि ती उठून उभी राहिली. दोघं बसलेलेच. मग ती रांगेतून बाहेर पडली आणि एकटीच दाराकडं गेली. मागच्या रांगेतली ती बाई तिला वाट देताना अजून हसत होती.

दुसऱ्या अंकाला मधली खुर्ची रिकामी होती. अंक सुरू होऊन पाच मिनिटांत दामू त्या खुर्चीवर सरकला, आणि पुढचा तासभर दोघं भाऊ डोक्याला डोकं लावून बोलत होते. मी लोभावर नाटक लिहिलं होतं. त्या नाटकानं एका घरातली दुही मिटवली, असं शेटे पुढं भाषणात सांगत. ते खरंच होतं.

प्रयोगानंतर मुरलीधरनं माझी पाठ थोपटली. “काय हुबेहूब रे! तो धाकटा पुतण्या म्हणजे डिट्टो आमचा—” एवढ्यात दामू मागून आला, तसं त्यानं वाक्य बदललं. “म्हणजे डिट्टो माणूसच!”

“आणि ती म्हातारी,” दामू म्हणाला. “ती तर फारच. कशी सुचते रे तुला?”

त्यानंतर मामीचं दुकान कुणी काढून घेतलं नाही. त्याची गरज पडली नाही. सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, पातेलं घेतलं, वाजवून बघितलं आणि मामीला हसत विचारलं, “आणि झाकण कुणाला?” दुपारी शाळेतली चार पोरं दारातून ओरडत गेली. ज्या बायका आठ महिने तिच्या कानाशी तोंड नेऊन मायेनं ओरडत, त्या आता दाराबाहेर उभ्या राहून आवाज न काढता नुसते ओठ हलवत आणि खिदळत. ढोंगी म्हातारी, असं मुरलीधर चारचौघांत म्हणाला. दामूनं मान डोलावली. मंडळाचं नाव गावभर झालं. माझंही. माझं वाक्य बार्शीच्या प्रत्येक पानाच्या ठेल्यावर होतं, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला ते ऐकायला गोड वाटलं.

मामी पंधरा दिवस गादीवर बसली. सोळाव्या दिवशी तिनं फळ्या काढल्या नाहीत. दोघं भाऊ कागद घेऊन आत गेले, आणि ह्या वेळी तिनं कुणालाच विचारलं नाही. हे सगळं मला लोकांकडून कळलं. त्या पंधरा दिवसांतले दोन रविवार मी तालमीत होतो.

सोलापुरात नाटक पहिलं आलं. लेखनाचं बक्षीस मला मिळालं. परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, दारात टांगा थांबला. मी खिडकीतून बघितलं. मामी उतरली, तिच्यामागं टांगेवाल्यानं एक पत्र्याची ट्रंक उतरवली आणि पायरीवर ठेवली. भांडं एकही नव्हतं.

“बक्षीस मिळालं म्हणे,” आत येत ती म्हणाली. “दाखव की.”

मी ढाल दाखवली. तिनं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली, नखानं वाजवून बघितली. “पितळ नाही हे,” ती म्हणाली. “पाणी चढवलंय. पण छान आहे.”

मी चहा केला. ती पलंगाच्या काठावर बसली आणि खोलीभर नजर फिरवत राहिली. नुकता रंग दिला होता. दोनच खोल्या. वैशाखात माझं लग्न होतं. सासरे येऊन खोल्या बघून गेले होते आणि नवराबायकोला पुरेत म्हणाले होते.

“खोल्या उजेडाच्या आहेत रे,” मामी म्हणाली.

“हो. पण उन्हाळ्यात तापतात,” मी म्हणालो.

ती चहा पीत राहिली. मी बोलायचं म्हणून सोलापूरचं बोलत होतो: परीक्षक काय म्हणाले, शकुंतलेचं पाठांतर, शेट्यांचं भाषण. माफी मागायची म्हणून वाक्य तयार ठेवलं होतं, ते मध्ये कुठं घालावं हे मला सुचत नव्हतं. ती सगळं ऐकून घेत होती. मग तिनं कप खाली ठेवला आणि सहज विचारलं,

“मी त्या दिवशी मध्यंतरात उठले. पुढं काय होतं रे तुझ्या नाटकात? त्या बाईचं?”

दुसऱ्या अंकात काय होतं, ते मी अजून सांगितलेलं नाही. मुद्दामच नाही सांगितलं. दुसऱ्या अंकात काकूला घराबाहेर काढतात. मग तिच्या नणंदेचा मुलगा येतो. हा साधा कारकून; नाटकभर तो कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलेला असतो. तो उठतो, तिची ट्रंक उचलतो आणि म्हणतो, “मामी, माझ्या दोन खोल्या आहेत. त्यातली एक तुझी.” त्या वाक्याला बार्शीत टाळ्या पडल्या होत्या. सोलापुरात टाळ्या थांबेपर्यंत नटाला तसंच ट्रंक धरून उभं राहावं लागलं. परीक्षकांनी लेखनाचं बक्षीस देताना त्या पात्राचा वेगळा उल्लेख केला, लेखकाची माणसाच्या चांगुलपणावरची श्रद्धा म्हणून.

मामी माझ्याकडं बघत होती. तिला ते कुणी सांगितलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. उघड्या दारातून ट्रंकेचा एक कोपरा दिसत होता.

“पुढं काही विशेष नाही, मामी,” मी म्हणालो. “दुसरा अंक जरा पडतोच.”

ती हसली. खरंच हसली, दुकानात हसायची तशी, डोळे बारीक करून.

“बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली. “मी उगीच बसून राहिले असते.”

ती उठली. कप मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि पायरीवर जाऊन उभी राहिली. औशाची गाडी साडेबाराला होती. टांगा तिनं सोडला नव्हता.

“एवढी ट्रंक वर चढवून दे,” ती म्हणाली.

ट्रंक मी उचलली. तेवढं मात्र मी लगेच केलं.